सॅमनची साथ आणि सामाईक पाणी
(चिलीतील मत्स्यरोगाच्या साथीविषयी अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२००७ सालच्या जुलै महिन्यात दक्षिण चिलीतील चिलोए द्वीपसमूहात, लेमुय या लहानशा बेटाजवळच्या एका मत्स्यसंवर्धन केंद्रातील सॅमन मासे 'सांसर्गिक सॅमन रक्तक्षय' या विषाणुजन्य रोगाने मरत असल्याचे जाहीर झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून हा रोग आय.एस.ए. या नावाने ओळखला जातो. सॅमनच्या जागतिक व्यापारात नॉर्वेच्या खालोखाल चिलीचा क्रमांक लागतो. तो प्रचंड उद्योग त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत जवळजवळ कोसळला. चिलीतील अटलांटिक सॅमनचे वार्षिक उत्पादन २००८ मध्ये चार लाख टनांच्या जवळपास होते. २०१० मध्ये ते सव्वा लाख टनांच्या आसपास येऊन ठेपले. किनाऱ्यावरील गावांत हजारो कामगारांची रोजी गेली.

भारतातील कष्टकऱ्यांच्या ताटात सॅमन येत नाही, आणि चिली हा देश येथून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे. मग या विषयाला अभ्यासवर्गात जागा कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की, या एकाच विषाणूने नॉर्वे, कॅनडा, स्कॉटलंड, फॅरो बेटे आणि चिली अशा अनेक ठिकाणी प्रवेश केला. परंतु प्रत्येक ठिकाणचा परिणाम सारखा झाला नाही. विषाणू तोच, मासा तोच, पिंजरेही बहुतांशी तसेच. असे असताना एका देशात रोग बोटांवर मोजण्याइतक्या केंद्रांपुरता सीमित राहतो आणि दुसऱ्या देशात तो संपूर्ण किनारा उद्ध्वस्त करतो, याचा अर्थ फरक विषाणूत नसून उत्पादनाच्या संघटनेत आहे. हा फरक नेमका कशात होता, हे समजून घेणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

रोगाचे स्वरूप

प्रथम रोगाची शास्त्रीय माहिती घेणे आवश्यक आहे, कारण तिच्यावाचून पुढील राजकीय निष्कर्ष हवेत राहतील.

या रोगाची पहिली नोंद १९८४ साली नॉर्वेच्या नैऋत्य किनाऱ्यावर झाली. त्याला कारणीभूत असणारा विषाणू इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंच्याच कुळातील आहे; त्याचा आनुवंशिक मजकूर आठ तुकड्यांत विभागलेला असतो. हा विषाणू माशाच्या रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींवर हल्ला करतो. वाहिन्या गळू लागतात, पोटात पाणी साचते, यकृत काळपट पडते आणि एरवी लालभडक असणारे कल्ले पांढुरके दिसू लागतात. तीव्र रोग झालेल्या माशाच्या रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली जाते. असा मासा मंदावतो, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ किंवा जाळीच्या कडेला निपचित राहतो आणि मरतो.

माणसाला या विषाणूपासून धोका नाही. तो थंड पाण्यात, साधारण दहा ते पंधरा अंश तापमानात वाढणारा आहे; मानवी शरीराच्या उष्णतेत तो वाढूच शकत नाही. प्रश्न ग्राहकाच्या आरोग्याचा नव्हता, हे स्पष्ट असलेले बरे. तो उत्पादकांच्या व्यवहाराचा आणि कामगारांच्या पोटाचा होता.

रोग कसा पसरतो? रोगी माशाच्या अंगावरील बुळबुळीत स्रावातून, विष्ठेतून, रक्तातून विषाणू पाण्यात उतरतो आणि प्रवाहाबरोबर शेजारच्या पिंजऱ्यांकडे जातो. मासे कापण्याच्या कारखान्यातून निर्जंतुक न करता सोडलेले रक्तमिश्रित पाणी हा त्याचा दुसरा मार्ग आहे. जिवंत मासे एका केंद्रातून दुसरीकडे वाहून नेणाऱ्या बोटी हा तिसरा मार्ग. नॉर्वेतील अभ्यासातून असे दिसून आले की, रोगग्रस्त केंद्रापासून किंवा अशा कारखान्यापासून पाच किलोमीटरच्या आत असणाऱ्या केंद्रांना धोका लक्षणीयरीत्या अधिक असतो.

आणखी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. या रोगाची सुरुवात फार संथ असते. आरंभीच्या काळात दर दिवशी हजार माशांमागे एखादाच मासा मरतो. ज्या केंद्रात दहा लाख मासे आहेत तेथे हा आकडा दृष्टीआड करणे व्यवस्थापनाला कठीण जात नाही. पण याच दिवसांत पाण्यात विषाणू पसरत असतो. रोग लपवता येण्याजोगा असतो तेव्हाच तो थांबवताही येण्याजोगा असतो. पुढील सर्व इतिहासाची किल्ली या एका वस्तुस्थितीत आहे.

या विषाणूचे एक निरुपद्रवी रूपही असते, हे शास्त्रज्ञांनी नंतरच्या काळात दाखवून दिले. ते माशाच्या कल्ल्यांत राहते आणि रोग उत्पन्न करीत नाही. त्याच्या जनुकातील एक छोटा भाग गळून पडला की त्यातून घातक रूप निर्माण होऊ शकते. लाखो मासे दाटीवाटीने कोंडलेले असतात तेथे विषाणूच्या अगणित पिढ्या एकापाठोपाठ एक निपजतात, आणि अशा बदलाला संधी मिळत राहते. तेव्हा विषाणूचे मूळ निसर्गात असले तरी त्याला साथीचे रूप येते ते पिंजऱ्यांच्या दाटीत.

चिलीत हा उद्योग कसा उभा राहिला

सॅमन हा उत्तर गोलार्धातील मासा. दक्षिण गोलार्धाच्या पाण्यात तो मुळात नव्हता. १९६९ साली चिली आणि जपान यांच्या सहकार्याने तेथे सॅमन रुजवण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे प्राथमिक प्रयोगांचा खर्च आणि जोखीम सार्वजनिक पैशातून उचलली गेली. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथून पाडले. त्यानंतरच्या हुकूमशाहीत कामगार संघटना चिरडल्या गेल्या आणि निर्यातीवर आधारलेले खाजगी भांडवलाचे धोरण देशावर लादले गेले. १९८० नंतरच्या दशकात याच वातावरणात सॅमनचा व्यापारी उद्योग फोफावला. थंड आणि निवाऱ्याच्या खाड्या, जवळच उपलब्ध असणारे माशांचे कूट आणि स्वस्त मजूर या तीन गोष्टी त्याला आयत्या मिळाल्या.

१९९० साली हुकूमशाही संपली. पण उद्योगाची चौकट बदलली नाही. १९९१ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याखाली समुद्राचे पट्टे कंपन्यांना अमर्याद मुदतीच्या परवान्याने मिळत होते आणि ते परवाने हस्तांतरितही करता येत होते. पुढे नॉर्वे, जपान आदी देशांतील भांडवलाने चिलीतील कंपन्या ताब्यात घेतल्या किंवा नव्या उभारल्या. ज्या केंद्रात २००७ मध्ये रोग जाहीर झाला तेही नॉर्वेतील भांडवलाच्या मालकीचे होते.

येथे एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परदेशी कंपनी आली, तिने परदेशी रोग आणला आणि देशाचे वाटोळे केले, असे म्हणून मोकळे होता येईल. या निष्कर्षात तथ्यांश आहे. २००९ साली नॉर्वेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चिलीतील विषाणूचे जवळचे नाते नॉर्वेतील विषाणूशी जुळते, आणि तो नॉर्वेतून आयात केलेल्या माशांच्या अंड्यांबरोबर १९९६ च्या सुमारास आला असावा. अंड्यांतून रोग संक्रमित होतो काय, यावर शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद झाले. उद्योगाच्या बाजूने तर या संशोधकांच्या सचोटीविरुद्धच तक्रार करण्यात आली. ती टिकली नाही. विषाणू आयातीतून आला, हे मान्य केले तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. तो १९९६ च्या सुमारास आला असेल, तर महाभयंकर साथ २००७ मध्येच का उद्भवली? शिवाय चिलीतीलच कोहो जातीच्या सॅमनमध्ये १९९९ साली हा विषाणू आढळला होता आणि त्याचा वृत्तान्त शास्त्रीय नियतकालिकात २००१ साली प्रसिद्धही झाला होता. इशारा मिळाला होता; त्यावरून कृती झाली नाही. ठिणगी कोठून आली हे शोधणे आवश्यक आहे, परंतु गवताची गंजी कोणी रचली हे शोधणे त्याहून आवश्यक आहे.

साथ कशी पसरली

ही गंजी कशी रचली गेली ते पाहू.

पहिली गोष्ट, केंद्रांची दाटी. चिलीच्या नियमानुसार दोन केंद्रांत दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर एवढेच अंतर सक्तीचे होते. पाच किलोमीटरच्या आत धोका वाढतो, हा नॉर्वेचा अनुभव उपलब्ध असताना ही स्थिती होती. चिलोएच्या आसपासच्या खाड्यांत एकामागून एक केंद्रे उभी राहिली.

दुसरी गोष्ट, एकाच खाडीत अनेक कंपन्या आणि प्रत्येकीचे वेळापत्रक वेगळे. एका कंपनीचे मासे विक्रीस तयार होत असताना शेजारची कंपनी लहान पिल्ले पाण्यात सोडीत असे. परिणामी खाडी कधीही रिकामी होत नसे. एकाच पिकाची एकाच रानात सतत लागवड केली आणि रान कधी पडीक ठेवलेच नाही, तर कीड हटत नाही, हे महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मोठ्या माशांतला रोग लहान माशांना लागत राहिला आणि विषाणूला यजमानाची वाण कधी पडली नाही.

तिसरी गोष्ट, वाहतूक. सॅमनची अंडी गोड्या पाण्यात उबवतात, पिल्ले काही महिने गोड्या पाण्यात वाढवतात आणि नंतर ती समुद्रात नेतात. पिल्लांची, तयार माशांची, जाळ्यांची आणि माणसांची ही ये-जा रोगग्रस्त आणि निरोगी भागांत पुरेशा निर्जंतुकीकरणाविना चालू राहिली.

चौथी गोष्ट, माशांची खालावलेली प्रकृती. साथीच्या अगोदरच समुद्री उवांचा प्रादुर्भाव वाढला होता. त्या माशाच्या कातडीवर जगतात, जखमा करतात आणि त्याची प्रतिकारशक्ती कमी करतात. त्याच वेळी एका जिवाणूजन्य रोगासाठी प्रतिजैविके बेसुमार वापरली जात होती. २००७ मध्ये चिलीच्या सॅमन उद्योगाने सुमारे ३८५ टन प्रतिजैविके वापरली. त्याच वर्षी चिलीहून अधिक सॅमन पिकवणाऱ्या नॉर्वेत हा आकडा एक टनाच्याही आत होता. विषाणूवर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग होत नाही. पण ही तफावत उद्योगाची वृत्ती दाखवते. रोग उद्भवणारच नाही अशी व्यवस्था करण्याऐवजी औषध ओतून उत्पादन चालू ठेवावयाचे, ही रीत तेथे रुळली होती. औषध नसलेला रोग आला तेव्हा त्या रीतीचे दिवाळे निघाले.

पाचवी आणि निर्णायक गोष्ट, माहितीची गुप्तता. प्रतिजैविकांचे वर दिलेले एकूण आकडेदेखील चिलीत मागणी झाल्यावरच, २००९ साली, प्रसिद्ध झाले. कंपनीवार आकडे मिळवण्यासाठी एका पर्यावरण संघटनेला पुढे न्यायालयाची पायरी चढावी लागली. आपल्या केंद्रात काय घडते आहे, हे शेजाऱ्याला कळू न देणे हा बाजारातील स्पर्धेचा नियम आहे. परंतु पाणी एक आहे. आपल्या पिंजऱ्यातील रोग शेजाऱ्यापासून लपवणारा मालक आपलाच उद्याचा रोग पोसत असतो. प्रत्येक कंपनी स्वतःपुरती शहाणपणाने वागली आणि सर्व मिळून विनाशाकडे गेल्या. सामाईक पाणी, खाजगी नफा आणि गुप्त माहिती यांच्यातील हा अंतर्विरोध विषाणूने केवळ उघडा पाडला.

आकड्यांमागची वस्तुस्थिती

व्याख्यानाच्या आरंभी सांगितलेल्या आकड्यांत एक विसंगती आहे, ती लक्षात घेतली पाहिजे. रोग २००७ मध्ये जाहीर झाला आणि २००८ मध्ये तो वणव्यासारखा पसरला. तरीही २००८ चे उत्पादन घटण्याऐवजी २००७ पेक्षा जास्तच भरले. हे कसे झाले? रोग पोहोचण्यापूर्वी मासे विकून टाकण्याची घाई कंपन्यांना झाली. पूर्ण वाढ न झालेले मासेही कापले गेले. वर्षअखेरच्या तक्त्यात ही सारी पळापळ वाढलेल्या उत्पादनाच्या रूपाने दिसली. उद्याचे पीक आजच कापून खाल्ले गेले होते. २००९ मध्ये उत्पादन दोन लाख टनांवर आणि २०१० मध्ये सव्वा लाखांच्या आसपास आले. केवळ एकूण उत्पादनाच्या आकड्यावरून एखाद्या उद्योगाची प्रकृती ठरवणारे अर्थपंडित आपल्याही देशात कमी नाहीत. त्यांच्यासाठी २००८ सालचा हा आकडा बोलका आहे.

किंमत कोणी मोजली

पुएर्तो मोन्त, कास्त्रो, केयोन या गावांतील अर्थव्यवस्था सॅमनवर उभी होती. मासे साफ करण्याच्या, कापण्याच्या, गोठवण्याच्या कारखान्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने काम करीत. पिंजऱ्यांची जाळी दुरुस्त करण्यासाठी आणि तळाशी साचलेले मेलेले मासे काढण्यासाठी पाणबुडे थंड पाण्यात उतरत. हे काम जिवावरचे आहे. मूळची शेती आणि लहान मासेमारी सोडून अनेक कुटुंबे या मजुरीकडे वळली होती. पिंजरे रिकामे झाले तसे कारखाने बंद पडू लागले. रोजगार गमावलेल्यांचे अंदाज निरनिराळे आहेत. पण ते पंधरा हजारांच्या खाली नाहीत, आणि काही अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातात. कित्येक कामगार कंत्राटी किंवा हंगामी होते. विषाणूविषयीच्या कोणत्याही निर्णयात त्यांना विचारले गेले नव्हते. त्याच्या परिणामांचा वाटा मात्र त्यांना पुरता मिळाला.

कंपन्यांचीही हानी झाली, हे खरे. त्यांच्या डोक्यावर बँकांचे सुमारे दोनशे कोटी डॉलरचे कर्ज होते. परंतु कर्जाच्या फेररचनेसाठी वाटाघाटी झाल्या, आणि नव्या कर्जांना हमी देण्यासाठी सरकार पुढे आले. २०१० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यात आरोग्यविषयक आवश्यक तरतुदी होत्याच. त्यांबरोबरच समुद्राचे परवाने बँकांकडे गहाण ठेवण्याची मुभाही होती. समुद्र हा सर्वांचा असता तो गहाण कसा ठेवता येईल, असा आक्षेप पारंपरिक मच्छीमारांनी आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी घेतला. सावकाराच्या वहीत सातबारा गेलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना या आक्षेपाचे मर्म समजेल. बँकेच्या कर्जाला हमी मिळाली. कापणीच्या टेबलापाशी उभ्या राहणाऱ्या स्त्रीच्या मजुरीला मात्र अशी हमी मिळाली नाही.

इतर देशांचा अनुभव

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा विनाश अटळ होता काय?

नॉर्वेत १९९० च्या सुमारास सुमारे ऐंशी केंद्रे रोगग्रस्त झाली होती. त्या वेळी लस उपलब्ध नव्हती. तेथील सरकारने रोग कळवणे सक्तीचे केले. समुद्रातील एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात मासे हलवण्यास मनाई केली. कारखान्यांतील सांडपाणी निर्जंतुक करावयास लावले. एका केंद्रात एकाच पिढीचे मासे ठेवून मधल्या काळात ते केंद्र रिकामे ठेवण्याची पद्धत रूढ केली. १९९४ च्या सुमारास रोगग्रस्त केंद्रांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. यातील एकही उपाय गुंतागुंतीच्या तंत्रज्ञानाचा नव्हता. पाणी काही काळ मोकळे ठेवणे, मेलेला मासा मोजणे आणि तो आकडा सांगणे, एवढ्याच या गोष्टी होत्या. मात्र त्यातील प्रत्येक उपाय उत्पादनाच्या वेगाला लगाम घालणारा होता आणि म्हणूनच तो मालकांच्या स्वेच्छेवर सोडून चालण्यासारखे नव्हते.

स्कॉटलंडमध्ये रोग १९९८ मध्ये प्रकटला. जिवंत मासे नेणाऱ्या बोटींच्या मार्गाने तो दूरदूरच्या केंद्रांत गेला होता. सरकारने रोगग्रस्त केंद्रांतील सर्व मासे नष्ट करावयास लावले, आणि वर्ष-दीड वर्षात रोगाचा नायनाट झाला. २००८-०९ मध्ये तो शेटलंड बेटांवर पुन्हा दिसला आणि पुन्हा आटोक्यात आणला गेला. फॅरो बेटांवर २००० साली आलेल्या साथीने उद्योग प्रथम जवळजवळ बसलाच. त्यानंतर एका खाडीत एका वेळी एकाच पिढीचे मासे, मधे सक्तीची विश्रांती आणि लसीकरण असे कडक नियम करून तो पुन्हा उभा केला गेला.

या देशांतही उद्योग खाजगी भांडवलाच्याच हाती आहे, हे नजरेआड करून चालणार नाही. भांडवलशाहीत हे होणारच, एवढे म्हणून थांबणारा कार्यकर्ता चिली आणि नॉर्वे यांतील फरक समजावून सांगू शकणार नाही, आणि म्हणून किनाऱ्यावरील कामगाराला उद्या कोणती मागणी करावयाची हेही सांगू शकणार नाही. फरक असा की, एका ठिकाणी खाडी हे एक एकक मानून मालकांना बांधणारा नियम होता. दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक परवाना हे स्वतंत्र राज्य होते. आणखी एक कटू सत्य असे की, जे भांडवल आपल्या देशात या नियमांखाली वागत होते तेच परदेशात नियम नाहीत म्हणून तसे न वागता उत्पादन काढीत होते. नियम माहीत नव्हते, ही सबब त्याला उपलब्ध नव्हती.

नॉर्वेचे चित्र निर्दोष आहे, असा समजही करून घेऊ नये. रोग तेथून कधीच पूर्णपणे गेला नाही. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी तेथे वीसहून अधिक केंद्रांत तो आढळला. उत्पादन वाढवण्याचा दबाव कायम आहे तोवर दक्षतेलाही सुट्टी नाही.

चिलीने अखेरीस काय केले? २०१० नंतर परवान्यांचे विभागवार गट पाडण्यात आले. एका गटातील सर्व कंपन्यांनी ठरलेल्या कालावधीनंतर एकाच वेळी तीन महिने पाणी रिकामे ठेवण्याचा नियम झाला. नव्या परवान्यांना मुदत घालण्यात आली. या उपायांनी ही साथ ओसरली आणि २०१२ पर्यंत उत्पादन जवळजवळ पूर्वपातळीवर आले. पण उत्पादन वाढताच जुनी सवय परतली. २०१४ आणि २०१५ मध्ये प्रतिजैविकांचा वापर दरसाल साडेपाचशे टनांच्या वर गेला. त्यानंतर तो घटला आहे. उद्योगही अधिक दक्षिणेकडे, आयसेन आणि मागायानेस या प्रदेशांतील अस्पर्शित खाड्यांकडे सरकला. एक पाणी थकले की दुसरे शोधावयाचे, ही प्रवृत्ती कायद्याच्या एका दुरुस्तीने संपत नाही.

आपल्या किनाऱ्यावर

भारतात सॅमन नाही. परंतु कोळंबी आहे, आणि तिच्या बाबतीत चिलीच्या आधी एक तप हेच नाटक आपल्या पूर्व किनाऱ्यावर घडले. १९९० नंतर आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर निर्यातीसाठी कोळंबीची तळी झपाट्याने खणली गेली. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुजन्य रोग आला. विषाणू निराळा, प्राणी निराळा. पण रीत तीच. नेल्लोरसारख्या जिल्ह्यांत ज्या खाडीत एक तळेमालक आपले रोगट पाणी सोडी, त्याच खाडीतून शेजारचा मालक आपल्या तळ्यात पाणी घेई. तळ्यामागून तळे बसले. गोड्या पाण्याच्या विहिरी खारट झाल्याची, भातशेती नासल्याची आणि मच्छीमारांची किनाऱ्यावर जाण्याची वाट अडल्याची गाऱ्हाणी घेऊन लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने किनारपट्टीच्या नियंत्रित क्षेत्रातील अशी तळी हटवण्याचा आदेश दिला. २००५ मध्ये किनारी जलसंवर्धनासाठी स्वतंत्र कायदा झाला. २००९ पासून व्हॅनामेई ही परदेशी जात आणण्यास परवानगी मिळाली. तिचे जनक कोळंबे चेन्नईजवळच्या विलगीकरण केंद्रातूनच देशात घेतले जातात. ही तरतूद योग्य आहे. पण चिलीचा धडा असा की, दारावरची तपासणी कितीही कडक असली तरी आतल्या सामाईक पाण्याचे नियमन नसेल तर ती पुरी पडत नाही.

कोकणच्या खाड्यांतही कोळंबीची तळी आहेत, आणि किनाऱ्यावर मत्स्यसंवर्धन वाढवण्याच्या योजना सर्वत्र आखल्या जात आहेत. अशा योजनांना सरसकट विरोध करणे हे कष्टकऱ्यांच्या हिताचे नाही. त्यांतून रोजगार आणि अन्न दोन्ही मिळू शकतात. मात्र प्रत्येक योजनेपुढे काही ठाम प्रश्न ठेवले पाहिजेत.

एका खाडीचे पाणी किती तळ्यांना वा पिंजऱ्यांना पेलेल, हे ठरवले आहे काय, आणि ते कोणी ठरवले? त्या पाण्याला सक्तीची आणि सर्वांची एकत्रित विश्रांती आहे काय? रोगाने मेलेल्या प्राण्यांचे आणि वापरलेल्या औषधांचे आकडे केंद्रवार प्रसिद्ध होतात काय, की ते व्यापारी गुपित म्हणून दडवले जातात? मेलेला मासा सर्वप्रथम ज्याच्या हातात येतो त्या मजुराला ती गोष्ट थेट तपासनीसाकडे कळवण्याचा अधिकार आहे काय, आणि तसे केल्यास त्याची नोकरी सुरक्षित आहे काय? आणि साथ आलीच, तर कामगाराच्या मजुरीची हमी बँकेच्या कर्जाच्या हमीआधी दिली जाईल काय?

यांपैकी चौथा प्रश्न कळीचा आहे. वर सांगितल्याप्रमाणे रोगाच्या आरंभी दिवसाला हजारांमागे एखादाच मासा मरतो. तो कार्यालयातील तक्त्यात दिसण्यापूर्वी पाणबुड्याला दिसतो, जाळे ओढणाऱ्याला दिसतो. साथ थांबवण्याची सर्वांत मोलाची संधी त्या दिवसांत असते, आणि ती संधी ज्याच्या हाती असते तोच उद्योगात सर्वांत असुरक्षित असतो. कंत्राटी मजुराला तोंड उघडल्यास काम जाण्याची भीती असेल तर कोट्यवधी रुपयांच्या प्रयोगशाळा उशिरानेच जाग्या होणार. तेव्हा कामगाराचे संघटनस्वातंत्र्य ही केवळ वेतनाची बाब नाही. अशा उद्योगात ती रोगनिवारणाची पहिली अट ठरते. किनारी जिल्ह्यांतील आपल्या संघटनांनी तळ्यांवरील आणि प्रक्रिया कारखान्यांतील मजुरांत काम करताना वेतनाच्या मागणीबरोबरच ही मागणीही हाती घेतली पाहिजे. चिलीच्या किनाऱ्यावर जे हजारो कामगार एका विषाणूच्या नावाने घरी बसवले गेले, त्यांच्या हाती हा अधिकार वेळेवर असता तर त्यांतील कित्येकांची चूल पेटती राहिली असती.